आकडे दिलेत म्हणे!

चार दिवस झाले, डोकं नुसतं फणफणतंय. 212 पानांची एक पीडीएफ माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडली आहे आणि तिच्यातला एकही आकडा मला उचलता येत नाही. कारण ती आकडेवारी नाहीच, आकडेवारीचा फोटो आहे! कुणीतरी कॉम्प्युटरवर व्यवस्थित टाइप केलेला तक्ता घेतला, तो छापला, पानापानावर गोल शिक्का उमटवला, खाली सही ठोकली, मग ती सगळी चळत वाकडीतिकडी स्कॅनरमधून काढली आणि जे निघालं ते सरकारी वेबसाइटवर चढवलं. वर मथळा काय? 'खुली माहिती'. आणि शिक्का कुठे, तर नेमका बेरजेच्या आकड्यावर.

मला काही गुपितं नको होती हो. रस्त्यावरचे अपघात कुठे होतात, किती वाजता होतात आणि त्यात कोण सापडतं, पायी चालणारा, सायकलवाला की दुचाकीवाला, एवढंच हवं होतं. मुलांच्या शाळेच्या वाटेवरच्या एका चौकाची मला कायम धास्ती वाटते. ती खरी की माझ्या मनाचे खेळ, हे बघायचं होतं. खरी असेल तर चार पालकांना घेऊन, हातात कागद धरून कुणासमोर तरी उभं राहायचं होतं. नुसतं 'आम्हाला भीती वाटते' म्हणून गेलं की चहा पाजून परत पाठवतात.

तर त्या पीडीएफमध्ये काय काय आहे ऐका. 3 आणि 8 यांच्यातला फरक स्कॅनरने मिटवून टाकलाय. 47 वं पान कोरं, पण शिक्का त्यावरही आहे. म्हणजे कोऱ्या पानाचीसुद्धा सत्यता प्रमाणित झाली! एकाच चौकाचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलंय, त्यामुळे एका चौकाचे चार चौक झालेत आणि प्रत्येकात थोडेथोडेच अपघात दिसतात. पहिल्या वर्षी वेळेचा रकाना आहे, दुसऱ्या वर्षी तो गायब, तिसऱ्या वर्षी त्याच्या जागी नुसतं 'दिवस/रात्र'. आणि 'इतर' नावाचा एक रकाना आहे. सगळ्यात मोठे आकडे त्यातच. कोण हे इतर? पायी चालणारे 'इतर' आहेत का? ते कुठेही लिहिलेलं नाही.

म्हटलं, विचारून बघू. त्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचे गृहस्थ अतिशय नम्र होते, राग तर त्याचाच जास्त आला. मी म्हटलं, "साहेब, हाच तक्ता तुमच्याकडे एक्सेलमध्ये असणार, तो देता का?" म्हणाले, "एक्सेलमध्ये देता येत नाही, त्यात लोक बदल करतात."

लोक बदल करतात! अहो, मूळ प्रत तुमच्याकडेच आहे ना? मी माझ्या घरी बसून 38 चे 83 केले तर तुमच्या कपाटातल्या 38 ला काय ताप येणार आहे? ज्याला खोटंच बोलायचंय तो पीडीएफवरूनही बोलेल, पीडीएफ नसली तरी बोलेल. उलट मूळ फाइल सगळ्यांसमोर असेल तर खोटं बोलणारा दोन मिनिटांत पकडला जाईल. पण नाही. कुलूप घातलं की सुरक्षा झाली, मग आत उंदीर का नाचेनात.

मग पुढचा प्रश्न आला, तो तर येणारच होता: "पण तुम्हाला हे कशासाठी पाहिजे?"

हाच तो प्रश्न. सगळा घोळ या एका प्रश्नात आहे. माझ्याच करातून कुणीतरी रस्त्यावर जाऊन नोंद केली, कुणीतरी ती टाइप केली, कुणीतरी तपासली. आकडा तयार झाला, त्याचे पैसे देऊन झाले. आता तो दुसऱ्या माणसाला द्यायला खर्च किती? जवळजवळ शून्य. मला दिला म्हणून तुमच्याकडचा कमी होत नाही. तरी खर्चणाऱ्याचं खर्चतं आणि कोठावळ्याचं पोट दुखतं. आणि आकडा कशासाठी वापरला जाईल हे देणाऱ्याला आधी कळायला हवं, हा हट्ट तर मुळातच खुळा आहे. त्याला ते कधीच कळणार नसतं. त्याने तो आकडा आपल्या कामासाठी गोळा केला. त्यातून दुसरं काय निघेल, हे दुसऱ्यालाच दिसतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. त्या शहराने 2012 मध्ये कायदा करून आपली आकडेवारी नीट, कॉम्प्युटरला वाचता येईल अशी खुली करायला सुरुवात केली. त्यात काय, तर पार्किंगच्या दंडाच्या पावत्या. यापेक्षा रुक्ष काही असेल का? पण 2014 मध्ये एका संशोधकाने त्या पावत्या चाळल्या आणि त्याला दिसलं, की आग विझवायच्या पाण्याचे दोनच नळ असे आहेत, ज्यांच्यासमोर गाडी लावल्याबद्दल वर्षाला सुमारे 55 हजार डॉलर दंड जमा होतोय. का? तर तिथे रस्त्यावरचे पट्टेच असे मारलेले होते, की कुणालाही ती पार्किंगची जागा वाटावी. लोक लावत होते, पोलीस पावती फाडत होते, वर्षानुवर्षं. बातमी झाली, महापालिकेने पट्टे नव्याने मारले, विषय संपला. आता सांगा, त्या संशोधकाला आधी विचारलं असतं, 'कशासाठी पाहिजे?', तर तो काय सांगणार होता? 'तुमची चूक शोधायला'? मिळाली असती का फाइल?

पैशाचीच भाषा कळत असेल तर पैशाची गोष्ट सांगतो. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह 1972 पासून पृथ्वीचे फोटो काढतायत. बरीच वर्षं ते फोटो विकत मिळायचे. लँडसॅट 7 चा एक फोटो 600 डॉलर, त्याआधी तर याहून कितीतरी महाग. 2008 मध्ये त्यांनी दुकान बंद केलं आणि सगळा साठा फुकट खुला केला. पुढे 2013 मध्ये जगभरातलं जंगल कुठे किती तुटलं, याचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेले फोटो होते 6,54,178. जुन्या भावाने हिशेब करा: 39 कोटी डॉलरहून जास्त. कुठल्या विद्यापीठाने भरले असते? नकाशा झालाच नसता. आणि गंमत अशी, की तो झाला नसता तर कुणी ओरडलंही नसतं. जे झालंच नाही त्याची तक्रार कोण करणार? कुलूपबंद माहितीचा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. न उघडलेला धंदा, न सुचलेलं ॲप, न बांधलेला पूल, यांचा मोर्चा निघत नाही. म्हणून साहेब निवांत.

जीपीएसचंही तेच. सैन्यासाठी बांधलेली यंत्रणा. मे 2000 पर्यंत सामान्यांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होते, शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. तो बिघाड बंद केला आणि पुढे त्याच्यावर गाड्या बोलावण्याचे, माल पोचवण्याचे, शेत मोजण्याचे केवढे धंदे उभे राहिले ते बघा. शंभर मीटर चुकणाऱ्या सिग्नलवर दारात गाडी येते का? चार घरं पलीकडे येते. बिघडवून दिलेली माहिती आणि स्कॅन करून दिलेली माहिती, मला तर सख्ख्या बहिणी वाटतात.

आणि मी आता काय करतोय माहितीये? ते 212 पानांचं रामायण हाताने पुन्हा टाइप करतोय. जे एकदा टाइप झालंय तेच! ब्रिटनमध्ये हेच झालं होतं. तिथल्या सरकारी नकाशा खात्याचे तपशीलवार नकाशे महाग आणि अटींनी जखडलेले, म्हणून 2004 मध्ये काही लोकांनी ओपनस्ट्रीटमॅप नावाचा खुला नकाशा सुरू केला. हातात जीपीएस घेऊन गल्ल्यागल्ल्या पालथ्या घातल्या आणि देशाचा नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढला. सरकारला 2010 मध्ये जाग आली आणि थोडे नकाशे खुले झाले. ती मंडळी धन्य आहेत, त्यांना माझा दंडवत. पण एका देशाने एकच काम दोनदा करायचं, एकदा पगार घेऊन आणि एकदा पायाला फोड आणून, याला शहाणपण म्हणायचं?

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने 2010 मध्ये खुल्या माहितीसाठी पाच ताऱ्यांची उतरंड सांगितली होती. कुठल्याही रूपात का होईना, वापरायची परवानगी देऊन वेबवर टाका, पीडीएफ चालेल: एक तारा. कॉम्प्युटरला वाचता येणारा तक्ता: दोन. सीएसव्हीसारखा (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) कुणाच्या मालकीचा नसलेला साचा: तीन. पुढचे दोन जरा तांत्रिक आहेत, सोडा. आम्ही अजून पहिल्याच ताऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतोय, तोही अर्धा. कारण फाइलच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय: 'पूर्वपरवानगीशिवाय वापर करू नये'. खुली माहिती, पण वापरू नका. पाणपोई, पण पिऊ नका!

काही जण म्हणतील, काय हा फाइलच्या प्रकारावरून गळा काढतोय. ऑक्टोबर 2020 आठवा. इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. कारण? एक्सेलचा जुना साचा. त्यात साधारण 65 हजारच ओळी मावतात, त्यापुढच्या गेल्या हवेत. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला, साथीच्या ऐन भरात. फाइलचा साचा ही कॉम्प्युटरवाल्यांची चोचलेबाजी नाही, माणसं असतात त्या ओळींत.

माझ्या 'इतर' रकान्यातही माणसंच आहेत.

युगांडाची गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. 1991 ते 1995 या काळात सरकार शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान पाठवत होतं. पाहणी झाली तेव्हा कळलं, की सरासरी फक्त 13 टक्के रक्कम शाळेपर्यंत पोचतेय. बाकीची वाटेतच मुरतेय. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळेच्या फळ्यावर लावायला सांगितलं. 2001 पर्यंत 80 टक्क्यांहून जास्त पोचायला लागले. सगळं श्रेय वर्तमानपत्रालाच द्यायचं का, यावर अर्थतज्ज्ञ पुढे भांडले, आणि ते बरोबरच आहे, त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या होत्या. पण पालकाला आकडा माहीतच नसेल तर तो मुख्याध्यापकाला विचारणार काय? राजस्थानात 1994 पासून जनसुनवायांमध्ये मजुरांची हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. मेलेली माणसं कामावर हजर निघाली! ती पकडायला संगणकतज्ज्ञ लागला नाही. नाव ऐकून 'अरे, तो तर कधीच वारला' म्हणणारी म्हातारी पुरली. माहिती तिच्यापर्यंत पोचली, एवढंच.

आता 'खाजगीपणाचं काय?' म्हणून कुणी बोट दाखवेल. रास्त आहे. अपघातात सापडलेल्याचं नाव, घरचा पत्ता, गाडीचा नंबर मला नको, देऊही नका. नावं झाकली म्हणून माणूस ओळखू येत नाही असंही नसतं, तेव्हा विचार करूनच झाका. पण माझ्या पीडीएफमध्ये काय आहे? चौकाचं नाव शिक्क्याखाली गेलंय आणि काही पानांवर जखमींची नावं स्वच्छ वाचता येतात! जे झाकायचं ते उघडं, जे उघडायचं ते झाकलेलं. याला काय म्हणावं? 1854 मध्ये लंडनच्या निबंधक कार्यालयाने जॉन स्नो या डॉक्टरला कॉलऱ्याच्या मृत्यूंची नोंद उतरवून घेऊ दिली, पत्त्यांसकट. त्यावरून तो साथ पसरवणाऱ्या एका पाण्याच्या पंपापर्यंत पोचला. टाक-दौतीच्या जमान्यात जमलं. आमच्याकडे स्कॅनर आहे ना, आम्हाला कसं जमेल?

रात्री जेवण झालं की मी बसतो. एक पान, दोन पानं. बायको म्हणते, सोड ना. सुटत नाही. 61 व्या पानावर माझा चौक आहे, संध्याकाळची वेळ, तोच 'इतर' रकाना, आणि आकडा एकतर 3 आहे किंवा 8. भिंग लावून पाहिलं. मुलाला दाखवलं, तो म्हणाला 8. बायको म्हणाली 3. मी त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाइप केलंय.

काल पुन्हा फोन केला. ते नम्र गृहस्थ म्हणाले, तुमची तक्रार पुढे पाठवली आहे. आणि खरंच, आज सकाळी वेबसाइटवर नवी फाइल दिसली. 'सुधारित प्रत'. हातातलं काम टाकून उघडली. पानं सरळ केलीत. शिक्के दोन झालेत.