मंकला गोळ्यांनी मारलं नाही

गेल्या सोमवारी रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, त्याने गोळ्या बंद केल्यात. तीन आठवडे झाले. मला आज कळलं."

तो म्हणजे माझा भाचा. वय २३, पियानो वाजवतो, दोन वर्षांपूर्वी त्याला बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या नैराश्यात नेणारा आजार, असल्याचं निदान झालं. गोळ्या का सोडल्या विचारल्यावर त्याने आईसमोर फोन धरला. त्यात एक फॉरवर्ड होता, आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेला. माझ्या फोनमध्येही तो महिनाभर पडून होता. मी उघडलासुद्धा नव्हता.

विषय, थेलोनियस मंक. अमेरिकन जाझ पियानिस्ट. आता गप्प बसणं मला शक्य नाही, कारण या मुलाला मंक ऐकवला तो मीच. त्याच्या अठराव्या वाढदिवसाला.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. मंक पियानो कधी शिकलाच नाही, त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. संसार नको म्हणून त्याने 'मंक', म्हणजे संन्यासी, हे नाव घेतलं. तो चुकीचे सूर दाबायचा आणि तीच त्याची कला झाली. वेडापायी न्यूयॉर्कच्या क्लबांनी त्याला हाकललं. हयातीत कोणी विचारलं नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: त्याचं वेड हेच त्याचं संगीत होतं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सहा वर्षं त्याने पियानोला हात लावला नाही. 'औषधाने कलावंत मारला. मुलांना नॉर्मल करू नका.' त्याखाली नातेवाइकांचे अंगठे आणि जोडलेले हात.

मी पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं इतिहासकार रॉबिन केली यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मंकच्या चरित्रातून आलं आहे. मंकच्या घरच्यांशी बोलून, कागदपत्रं धुंडाळून लिहिलेलं ते चरित्र आहे. ज्याला वाद घालायचा आहे त्याने आधी ते वाचावं.

नावाचं आधी उरकते. मंक हे त्याचं आडनाव, वडिलांकडून आलेलं. वडिलांचंही नाव थेलोनियस मंकच होतं. मधलं 'स्फिअर' हे आईच्या वडिलांचं. लग्न नेलीशी झालं, दोन मुलं झाली, मुलगा पुढे ड्रमर झाला. कसला संन्यास?

आता शिक्षण. मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावचा. १९२२ मध्ये आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या सॅन हुआन हिल वस्तीत, वेस्ट ६३ व्या रस्त्यावर राहिली. घरात पियानो होता. अकरा-बारा वर्षांच्या मंकला सायमन वुल्फ नावाचे ऑस्ट्रियन ज्यू शिक्षक पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकवायला यायचे. शोपँ, बाख, बेथोवन, राखमानिनोव्ह. ही शिकवणी साधारण दोन वर्षं चालली. त्याच वस्तीत अल्बर्टा सिमन्स नावाच्या बाई होत्या, त्यांच्याकडून तो स्ट्राइड शिकला: डाव्या हाताने खालचा सूर आणि वरचा कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) असे झोके घेत लय चालवायची आणि उजव्या हाताने गाणं सांगायचं. चर्चमध्ये वाजवलं. सतराव्या वर्षाच्या आसपास एका फिरत्या धर्मोपदेशिकेच्या ताफ्याबरोबर दोनेक वर्षं गावोगाव वाजवत हिंडला. त्या काळात कॅन्सस सिटीत मेरी लू विल्यम्स या मोठ्या पियानिस्टने त्याला ऐकलं, आणि तेव्हा हा मुलगा किती सफाईने वाजवायचा हे तिने पुढे आवर्जून सांगितलं. १९४० च्या सुमाराला हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये तो रोजचा पियानिस्ट झाला तो एवढी तालीम गाठीशी बांधून. नोटेशन येत नव्हतं म्हणणाऱ्याने त्याच्या रचना कागदावर कोणी उतरवल्या ते सांगावं.

चुकीच्या सुरांची गोष्ट मात्र निवांत सांगण्यासारखी आहे, कारण भाच्याला तीच सगळ्यात आवडली होती. मंक बोटं वाकवून न ठेवता सपाट ठेवायचा, हे खरं. लागूनच्या दोन पट्ट्या एकदम दाबायचा, हेही खरं. पण ते कशासाठी, हे आपल्याकडच्या माणसाला तर चटकन कळायला हवं. पियानोला मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्या वाद्यात नाहीच. आपली पेटीवाली मंडळी पिढ्यानपिढ्या त्याच अडचणीशी झुंजत आली आहेत. मंक दोन पट्ट्या एकत्र दाबायचा आणि त्यातली एक नेमक्या क्षणी सोडायचा. उरलेला सूर वाकल्यासारखा, ब्लूज गाणाऱ्या गळ्यातून आल्यासारखा ऐकू येतो. ती पट्टी किती वेळ धरायची आणि कधी सोडायची यात सगळी करामत आहे. चुकून हे जमत नाही. रोज तर नाहीच नाही.

यावर पुरावा हवा असेल तर तो ऐकता येतो. एप्रिल १९५७ मध्ये रिव्हरसाइड कंपनीच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मंक एकटा बसून 'राउंड मिडनाइट' ही स्वतःचीच रचना बसवत होता आणि टेप चालू राहिली. ते साधारण २२ मिनिटांचं मुद्रण पुढे तसंच प्रसिद्ध झालं. ही रचना तोवर किमान तेरा वर्षं जुनी, कूटी विल्यम्सच्या ऑर्केस्ट्राने १९४४ मध्येच ती मुद्रित केलेली. तरी मंक सुरुवात करतो, थांबतो, एक कॉर्ड बदलतो, परत मागे येतो, तीच ओळ पुन्हा घेतो, पुन्हा थांबतो. स्वतःच्या सर्वात प्रसिद्ध धुनेशी हा माणूस नवशिक्यासारखा चिकाटीने झटत बसलाय. याला आपण रियाज म्हणतो. आदल्या वर्षी 'ब्रिलियंट कॉर्नर्स' मुद्रित करताना सॉनी रोलिन्स आणि मॅक्स रोचसारखे वादक सोबत असूनही, पंचवीस प्रयत्नांत एकही टेक पूर्ण लागला नाही, शेवटी तुकडे जोडून ती रचना तयार करावी लागली. इतकं अवघड लिहिलं होतं. आणि १९५७ मध्येच नेली थायरॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असताना त्याने 'क्रेपस्क्यूल विथ नेली' लिहिली, तिच्यात तर त्याने ऐनवेळच्या आलापीला जागाच ठेवली नाही. सूर न् सूर ठरवलेला. आयुष्यभर ती तशीच वाजवली.

क्लबांचा मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायला तेव्हा पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागे. ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि त्याचा मित्र, पियानिस्ट बड पॉवेल, बसलेल्या गाडीत पोलिसांना अमली पदार्थ सापडला. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. साठ दिवस तुरुंगात काढले आणि कार्ड गेलं. पुढे सहा वर्षं, १९५७ पर्यंत, आपल्याच शहरातल्या क्लबमध्ये त्याला वाजवता आलं नाही. नेली शिवणकाम, मिळेल ती नोकरी करून घर चालवत होती. याला वेडापायी हाकलणं म्हणतात? १९५८ मध्ये डेलावेअर राज्यात तो एका मोटेलमध्ये पाणी मागायला गेला, मालकिणीने पोलीस बोलावले, आणि त्यांनी गाडीतून उतरत नाही म्हणून त्याला मारलं. हातांवर मारलं, पियानिस्टच्या हातांवर. काळ्या माणसाला त्या देशात त्या काळी जे भोगावं लागलं ते 'विक्षिप्तपणा' या शब्दाखाली खपवणाऱ्यांचा मला राग येतो.

हयातीत कोणी विचारलं नाही म्हणे. २८ फेब्रुवारी १९६४ च्या टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मंक होता. पुढे चला.

आता तो शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मंक आजारी होता. हे मी नाकारत नाही. केलींनी मांडलेल्या हकिकतीवरून तो आजार बायपोलर होता असं दिसतं. त्याच्या वडिलांचीही अनेक वर्षं मनोरुग्णालयात गेली. मंक कार्यक्रमात उठून गोल गोल फिरत नाचायचा ते पुष्कळदा आनंदाने आणि बँडला लय दाखवायला, पण काही वेळा आजाराने, हेही मान्य. प्रश्न एवढाच आहे की त्या आजाराने संगीत दिलं का.

१९५९ च्या वसंतात बॉस्टनच्या एका क्लबमध्ये काय झालं ते वाचा. अनेक दिवसांची झोप नव्हती. मंक मंचावर आला, दोन धुना वाजवल्या आणि निघून गेला. नंतर परत आला, त्याच दोन वाजवल्या, आणि मग पियानोसमोर नुसता बसून राहिला. हात मांडीवर. लोक वाट बघतायत, साथीदार वाट बघून उठून गेले, हा बसलेलाच. त्याच रात्री पोलिसांनी त्याला ग्राफ्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात पोहोचवलं, आणि नेलीला कित्येक दिवस त्याचा पत्ता लागेना. फॉरवर्ड लिहिणाऱ्या गृहस्थाने आजाराचं संगीत ऐकायचं असेल तर ते हे आहे: काहीही नाही. पट्ट्यांसमोर बसलेला माणूस आणि शांतता.

मंकने सत्तरच्या आसपास रचना केल्या. त्यातल्या बहुतेक चाळीस आणि पन्नासच्या दशकांतल्या, म्हणजे जेव्हा प्रकृती बरी होती, रोज हात चालत होता, त्या काळातल्या. आजाराचे झटके वाढत गेले तशा नव्या रचना कमी होत गेल्या आणि १९६८ च्या सुमाराला जवळपास आटल्या. आता हे वर्ष लक्षात ठेवा. बायपोलरवर लिथियम हे औषध अमेरिकेत अधिकृतपणे मंजूर झालं १९७० मध्ये. मंक तेव्हा ५२ वर्षांचा होता. त्याला लागणारं औषध बाजारात यायच्या आधीच त्याची लेखणी थांबली होती. गोळीने कलावंत मारला म्हणणाऱ्याने निदान सनावळी तरी बघायची.

यात अर्धं सत्य आहे, आणि ते मला कबूल करावंच लागेल. मंकला औषधांनी त्रास झाला. चुकीच्या औषधांनी. निदान नीट झालं नाही, वर्षानुवर्षं थोराझिन हे मानसिक आजारावरचं औषध दिलं गेलं, ज्याने माणूस जड आणि ताठर होतो. एका डॉक्टरने व्हिटॅमिनच्या नावाखाली अँफेटामिन मिसळलेली इंजेक्शनं दिली. म्हणजे एका हाताने सुस्ती, दुसऱ्या हाताने उत्तेजना, आणि मधे हा. तो वाईट उपचारांचा बळी होता असं कोणी लिहिलं असतं तर मी सही केली असती. पण त्यावरून उपचारच नकोत असं निघतं का? वाईट डॉक्टर भेटला तर माणूस चांगला शोधतो.

आणि ती शेवटची सहा वर्षं. मंक १९७६ पर्यंत मंचावर वाजवत होता, म्हणजे लिथियम मंजूर झाल्यानंतरही. सत्तरच्या दशकात तो न्यू जर्सीतल्या वीहॉकन इथे पॅनोनिका या मैत्रिणीच्या घरी राहायला गेला. त्याच घरात बॅरी हॅरिस हा पियानिस्ट राहायचा, रोज वाजवायचा. खोलीत पियानो होता, मंक त्याला शिवत नव्हता, हे खरं. पण तो तोवर वीसेक वर्षं आजाराशी लढलेला, शरीरानेही खचलेला, थकलेला माणूस होता. १७ फेब्रुवारी १९८२ ला तो गेला. त्या शांततेवर आपल्या सोयीचं कारण चिकटवायचा अधिकार कोणालाही नाही.

मंगळवारी सकाळी मी बहिणीकडे गेले. तिथे भाच्याला हे सगळं सांगितलं नाही, भांडण झालं असतं. ती २२ मिनिटांची टेप लावली. त्याने ती मान खाली घालून पूर्ण ऐकली. मग म्हणाला, "मावशी, खरं सांगू? फॉरवर्ड हे नुसतं निमित्त. गोळ्या सुरू झाल्यापासून माझा हात थरथरतो. ट्रिल घेताना चौथं-पाचवं बोट ऐकत नाही." ट्रिल म्हणजे लागूनचे दोन सूर झरझर आलटूनपालटून वाजवणं. त्याने हात टेबलावर पसरून दाखवला. तीन आठवडे गोळी नसल्याने तेव्हा तो स्थिर होता. डोळे मात्र चार रात्री न झोपल्यासारखे.

अशा गोळ्यांनी, उदाहरणार्थ लिथियमने, हात थरथरू शकतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. डोस बदलता येतो, त्यावर दुसरं औषध देता येतं, कधी गोळीच बदलतात. एकदम सोडली तर आजार जोराने उलटतो, हेही त्यांना ठाऊक असतं.

"डॉक्टरांना सांगितलंस हे?"

"नाही. त्यांना काय कळणार ट्रिल म्हणजे काय."

गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली आहे. बहिणीबरोबर मीही जाणार आहे. भाचा छोटा कीबोर्ड सोबत घेणार आहे, डॉक्टरांना ट्रिल वाजवून दाखवायला.