कपाटातली बाहुली

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फोटो आला. जिथे आम्ही जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, तिथल्या नव्या स्किल लॅबचं उद्घाटन. फीत, समई, सहा पाहुणे आणि मागे कॉटवर पेशंटच्या जागी सरावाला ठेवलेली बाहुली, डोक्यावरचं प्लॅस्टिक अजून तसंच. फोटोखाली वाद जुंपला. एका मैत्रिणीने लिहिलं, "इथे एकेका वॉर्डात पन्नास पेशंट. बाहुल्यांचे चोचले तिकडच्या लोकांना." तिकडची म्हणजे मी. सात वर्षं झाली, इंग्लंडच्या उत्तर भागात एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे.

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझा हात बसला तो गावाकडच्या नाइट ड्युट्यांनीच. जुलाबाने सुकून गेलेल्या पोराची शीर मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली बोटाने चाचपून शोधायची, बाजूला त्याची आई रडतेय. बाहुलीची शीर रोज त्याच जागी असते आणि तिची आईही रडत नाही. इथे इंग्लंडात नर्सिंगच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचे 2300 तास भरावे लागतात. 2023 पासून त्यातले 600 तासांपर्यंत सिम्युलेशनमध्ये, म्हणजे बाहुलीवगैरे घेऊन रचलेल्या खोट्या प्रसंगांत भरले तरी चालतात. मला हे जरा जास्तच वाटतं.

पण आपल्याकडे शिकतात कोणावर? माझं पहिलं इंजेक्शन एका आजींना दिलं. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. दोनदा सुई चुकली तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू गं बाई, माझ्यावरच शिकतीस होय?" बरं, तेव्हाही कॉलेजात बाहुली होती. काचेच्या कपाटात, कुलपात. इन्स्पेक्शन आलं की तिचं अंग पुसायचं, नवी चादर घालायची आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात ठेवायची.

ग्रुपवर एकाने 'पाश्चात्त्य थेरं' असाही शेरा मारला. त्या दादांनी सुश्रुतसंहितेचं सूत्रस्थान उघडावं. नववा अध्याय, योग्यासूत्रीय. छेद घ्यायचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करायचा. शीर टोचायला कमळाचा देठ घ्यायचा, पट्ट्या बांधायला माणसाचा पुतळा. शास्त्र कितीही पाठ असलं तरी हा सराव न केलेला वैद्य कामाचा नाही, असं तिथे चक्क लिहिलंय. भोपळ्याला किती पैसे पडतात?

इथे नोंदणीसाठी आम्हाला ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. आता तिची दहा स्टेशनं असतात, प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करून दाखवायचं. त्यात प्लॅस्टिकच्या माणसाला गंभीर चेहऱ्याने नाव आणि जन्मतारीख विचारताना मला हसू आवरत नव्हतं. हसू थांबलं ते पुढे, वॉर्डाच्या पहिल्या सिम्युलेशनमध्ये. बाहुलीची छाती वरखाली होत होती, काचेपलीकडे बसलेला माणूस तिच्या आवाजात कण्हत होता. डॉक्टरांचं सोंग घेतलेल्या सरांनी पेनिसिलिन लावायला सांगितलं. बाहुलीच्या मनगटावर लाल पट्टी होती, म्हणजे ॲलर्जी. मी ती पाहिली, अर्धवट आवाजात "डॉक्टर..." म्हणाले आणि बाटली लावली.

नंतर सगळे खुर्च्या ओढून गोल बसलो. याला इथे डीब्रीफ म्हणतात, आणि खेळ पंधरा मिनिटांचा असला तर हे अर्धा तास चालतं. मी मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत. शिकवणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "लाल पट्टी दिसली तेव्हा तुझ्या मनात काय आलं?" मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरांनी पाहिली असेल. मग त्यांनी माझ्याकडून तीन वाक्यं मोठ्याने म्हणून घेतली. मला काळजी वाटतेय. मला हे ठीक वाटत नाहीये. थांबा, पेशंटला धोका आहे. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज फुटेना. 'सर' म्हणत वाढलेला घसा तो.

वरच्यांपुढे गप्प बसायचा हा रोग आपलाच, असं मात्र नाही. 2005 मध्ये एलेन ब्रोमिली नावाची बाई इंग्लंडमध्ये नाकाच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासाची वाट मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद द्यायचा सेट आणून ठेवला, दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. नर्सेसना कळलं होतं, पण त्यांचं म्हणणं कोणापर्यंत पोचलं नाही. बाई वाचल्या नाहीत. त्यांचा नवरा मार्टिन वैमानिक. विमानाच्या कॉकपिटमध्ये हाताखालच्याने कॅप्टनला टोकायचा सराव करून घेतात, तो दवाखान्यात का नाही, असं तो विचारू लागला. 2007 मध्ये त्याने त्यासाठी एक गटच उभा केला. ही गोष्ट इथल्या ट्रेनिंगमध्ये हमखास सांगतात.

म्हणून फोटोतली बाहुली किती लाखांची, यावर मला भांडायचं नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात लॅबचे तास वेगळे दिलेत, मेडिकल कॉलेजांनाही स्किल लॅब सक्तीची झालीय. चांगलंच आहे. मला धास्ती आहे ती नंतर खुर्च्या ओढून गोल बसण्याचं काय होईल, याची. आमच्या वेळी चूक झाली की ती वॉर्डभर व्हायची, पेशंटसमोर, आयाबाईंसमोर. त्याच पद्धतीने बाहुलीसमोरही झापलं, तर मुली बाहुलीसमोरही गप्पच राहतील.

परवा त्या मैत्रिणीला, ती आता तिथेच ट्यूटर आहे, फोन केला. म्हटलं, "अगं, मुलींना सुरुवात करून दिली का? प्लॅस्टिक तरी काढलं?"

"कुलूप आहे गं. किल्ली मॅडमकडे."

"मग माग की मॅडमकडे."

"मी कशी मागू?" ती म्हणाली.