स्लॅबचे पैसे लगेच, स्लॅब बघायचा मात्र पझेशनला

पुण्याजवळ पुनावळ्यात फ्लॅट बुक केलेला माझा चुलतभाऊ परवा फॅमिली ग्रुपवर जाम वैतागला होता. ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर घेऊन साइटवर गेला तर सेल्सवाल्यांनी "सर सेफ्टी इश्यू आहे, पझेशनला बघा ना" म्हणत सॅम्पल फ्लॅटमध्ये चहा पाजून परत पाठवलं. मग ग्रुपवर दोन तट. एक काका म्हणे रेरा (बिल्डरांना लगाम घालणारा कायदा) आहे ना, कशाला काळजी, दुसरे म्हणे तुमच्या अमेरिकेत बरं असतं बाबा, सरकारच सगळं चेक करतं.

तर काका, सरकार इथे काय चेक करतं ते ऐका. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, इथली माती आपल्या काळ्या मातीसारखीच, पाण्याने फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी, त्यामुळे घराचा पाया हा मोठाच विषय. सिटीचा इन्स्पेक्टर येतो, कोडमध्ये बसतंय का बघतो आणि पुढच्या घराकडे पळतो. म्हणून इथे बरेच लोक स्वतःच्या खिशातून लायसन्सवाला इन्स्पेक्टर लावतात, काँक्रीट ओतायच्या आधी, मग भिंतींवर ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) चढायच्या आधी, आणि शेवटी ताबा घेताना.

यातली मधली फेरी सगळ्यात कामाची, कारण तेव्हा लाकडी सांगाडा, वायरी, पाइप सगळं उघडं असतं. पाइपसाठी पाडलेलं भोक लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तर त्यावर लोखंडी पट्टी लागते, नाहीतर उद्या तुम्ही फोटो टांगायला खिळा ठोकणार आणि तो थेट पाइपात. आमच्या किचनच्या भिंतीत त्या पट्ट्याच नव्हत्या. आमच्या माणसाने टेप लावून फोटो काढले, बिल्डरच्या माणसाने गुपचूप पट्ट्या मारल्या. आणि सिटीचं ओके त्याच्या आधीच झालेलं होतं!

बिल्डर इथलेही काही साधुसंत नाहीत. पण असं तयार होणारं घर घेताना बहुतेक वेळा सुरुवातीला डिपॉझिट देता आणि मोठी रक्कम शेवटी, घर नावावर होताना. पैसे तुमच्याकडे असले की तो ऐकतो.

आपल्याकडे उलटं. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारात सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत आणि बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. म्हणजे पैसे टप्प्याटप्प्याने, बघायचं मात्र एकदम शेवटी, टाइल्स आणि पुट्टीच्या वरून. गंमत म्हणजे कर्जाचा हप्ता सोडण्याआधी बँकेचा माणूस साइटवर जाऊन येतो, त्याला सेफ्टी इश्यू नसतो, पण तो स्लॅब किती झाले ते मोजतो, आत सळई कशी बांधलीय ते नाही. प्रोजेक्टच्या खात्यातून पैसे काढायला इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं, तो इंजिनिअरही बिल्डरनेच नेमलेला.

पाच वर्षांची डिफेक्ट लायबिलिटी आहे, म्हणजे ताब्यानंतर तेवढ्या काळात निघालेले बांधकामाचे दोष बिल्डरने दुरुस्त करायचे, मान्य, ती हवीच. पण गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसोमध्ये २०२२ ला फ्लॅटचा भाग कोसळून दोन जण गेले आणि मग आयआयटी दिल्लीच्या तपासात काँक्रीटमध्ये सळई गंजवणारं क्लोराइड निघालं. लोक राहायला गेल्यावर हे कळून काय करायचं?

आता बिल्डरचंही थोडं खरं आहे, बावीस मजल्यांच्या साइटवर तीनशे ग्राहक आपापला इंजिनिअर घेऊन चढले तर काम कोण करणार. पण रेरानुसार निम्म्याहून जास्त बुकिंग झालं की तीन महिन्यांत ग्राहकांची संस्था व्हायला हवी. त्या संस्थेने वर्गणी काढून एकच इंजिनिअर नेमावा आणि त्याला ठरल्या दिवशी आत सोडायची अट सरकारने कायद्यातच घालावी. इंजिनिअरने स्लॅब ओतायच्या आधी कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे) बघावेत, २८ दिवसांचे क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजल्याचे, रिपोर्ट मागावेत, टाइल्स लावायच्या आधी बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवावं. माणशी खर्च मॉड्युलर किचनच्या एका ड्रॉवरएवढाही येणार नाही, पण आपले लोक त्या ड्रॉवरला तीन कोटेशन घेतील आणि इंजिनिअरचं नाव काढलं की "बिल्डरला राग येईल" म्हणतील.

भावाला सांगितलं, पुढचं डिमांड लेटर (हप्ता मागणारं बिल्डरचं पत्र) आलं की उत्तरात क्यूब टेस्टचे रिपोर्ट माग, ईमेलवरच माग. त्याने मागितले. रिपोर्ट अजून आले नाहीत, हप्ता उशिरा भरला तर व्याज लागेल ही आठवण मात्र दुसऱ्याच दिवशी आली.