खेळाडू चालत नसेल, तर आधी त्याला दिलेले काम तपासा

आज सकाळी आमच्या जुन्या बास्केटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने एनबीएमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग), सध्या चाचपडत असलेल्या एका खेळाडूविषयी लिहिले, ‘कोट्यवधी डॉलर घेतो आणि कोर्टवर नुसता उभा राहतो. चार सामने बसवून ठेवा, माज उतरला की आपोआप खेळेल.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. खेळाडूचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण दर हंगामात नाव बदलते आणि शेरा तोच राहतो. ज्यांनी स्वतः सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले आहेत, त्यांनी हे लिहावे याचा मला मनस्वी संताप आला आहे. ग्रुपवर वाद नको, म्हणून इथे लिहितो.

अँड्र्यू विगिन्स आठवतो ना? कॅनडाचा हा मुलगा 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. वडील एनबीए खेळलेले, आई ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळवलेली धावपटू. त्यामुळे लोकांनी मिसरूड फुटण्याआधीच त्याला ‘मेपल जॉर्डन’, म्हणजे कॅनडाचा मायकेल जॉर्डन, करून टाकले होते. क्लीव्हलँडच्या संघाने त्याला निवडले आणि हंगाम सुरू होण्याआधीच केव्हिन लव्हच्या बदल्यात मिनेसोटाला देऊन टाकले. तिथे ज्या प्रशिक्षक फ्लिप सॉन्डर्स यांच्या हाताखाली त्याने सुरुवात केली, ते 2015 मध्ये वारले, आणि मिनेसोटातल्या साडेपाच हंगामांत त्याने एकूण चार प्रशिक्षक पाहिले. 2016-17 मध्ये त्याने सामन्यामागे 23.6 गुण काढले, तरी तक्रार एकच: मन लावून खेळत नाही, डोळ्यांत आग दिसत नाही. 2017 मध्ये पाच वर्षांचा, सुमारे 14.8 कोटी डॉलरचा करार देण्याआधी संघमालकांनी त्याच्याकडून सुधारण्याचा शब्द हवा असल्याचे जाहीरपणे सांगितले. असा शब्द घेऊन कोणाचा खेळ सुधारत असता, तर प्रशिक्षकांऐवजी वकीलच नेमले असते.

त्याचा खेळ काय होता, तेही आठवा. चेंडू त्याच्या हातात द्यायचा, बाकीच्यांनी बाजूला सरायचे, आणि त्याने दोन-तीन ड्रिबल करून अंगावर आलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून लांबचा, अवघड आणि तरीही दोनच गुणांचा शॉट घ्यायचा. हे वर्षानुवर्षे करायला लावायचे आणि वर त्यालाच आळशी म्हणायचे!

आमच्या कॉलेजच्या संघात असाच एक उंच मुलगा होता. उंच म्हणून सरांनी त्याला मुख्य स्कोअरर ठरवले, आणि बास्केट चुकली की सगळ्यांसमोर शिव्या घालून ग्राउंडला फेऱ्या मारायला लावायचे. पुढेपुढे असे झाले की पास हातात आला की त्याची नजर आधी रिंगकडे न जाता साइडलाइनवर उभ्या असलेल्या सरांकडे जायची. तेवढ्या अवधीत समोरचा अंगावर यायचा आणि शॉट ब्लॉक व्हायचा. आम्हीही त्याला ‘पाट्या टाकतो’ म्हणून मोकळे होत असू.

विगिन्सला फेब्रुवारी 2020 मध्ये गोल्डन स्टेटने घेतले, तेव्हा तो संघ तळाला होता आणि अनेकांनी हा सौदा हसण्यावारी नेला. तिथे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला कोणते जालीम औषध दिले? माझ्या मते काहीच नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. चेंडू स्टीफन करी आणि ड्रेमंड ग्रीन फिरवतील. तू कोपऱ्यात मोकळा राहा, संधी मिळाली की थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) मार, मोकळी जागा दिसली की रिंगकडे घुस, आणि समोरच्या संघाचा सर्वांत घातक खेळाडू तुझ्याकडे. त्याचे सामन्यामागचे गुण 17.2 वर आले, आणि त्याच 2021-22 च्या हंगामात तो लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत, त्याने डॅलसच्या लुका डॉन्चिचला धरले, अंतिम फेरीत बॉस्टनच्या जेसन टेटमला सतावले, आणि नियमित हंगामात सामन्यामागे 4.5 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर उडालेला चेंडू पकडणे) घेणारा हा ‘आळशी’ माणूस प्लेऑफमध्ये 7.5 घेऊ लागला. रिबाउंड ही तर निव्वळ मेहनतीची गोष्ट आहे, हे ग्रुपवरच्या विद्वानांना मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, शेजारी करीसारखा नेमबाज असल्यावर कोणीही चमकेल. बरे, करीमुळे जागा मोकळी मिळते, हे मान्य. पण बॉस्टनविरुद्धच्या त्या अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात त्याच करीने नऊ थ्री घेतले आणि नऊच्या नऊ चुकले. त्या रात्री 26 गुण आणि 13 रिबाउंड विगिन्सचे होते.

आमच्याकडे पुढच्या वर्षी नवे सर आले. त्यांनी त्या मुलाला भाषण दिले नाही. एका सामन्याआधी त्याला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, ‘त्यांचा सात नंबर तुझा. त्याला बॉल मिळू द्यायचा नाही. तू किती बास्केट केल्यास ते मी विचारणार नाही.’ तो मुलगा त्या सात नंबरला असा चिकटला की तो बिचारा वैतागून ढकलाढकली करू लागला आणि पाच फाउल होऊन बाहेर गेला. आम्ही तो सामना तरीही हरलो. पण त्या दिवशी त्याने साइडलाइनकडे एकदाही पाहिले नाही.

काही खेळाडू खरोखरच कामचुकार असतात, हेही खरे. त्यांच्यासाठी मी ही पोस्ट लिहीत नाही.

लिहितालिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून आणखी एक आठवण सांगतो. 2023 मध्ये विगिन्स घरगुती कारणासाठी फेब्रुवारीपासून नियमित हंगाम संपेपर्यंत संघाबाहेर होता. समाजमाध्यमांवर नाही नाही त्या वावड्या उठल्या. संघाने मात्र कारणाची वाच्यता केली नाही, त्याला परतायची घाई केली नाही, आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात त्याला राखीव म्हणून उतरवून हळूहळू खेळात आणले. ज्याच्या घरी काहीतरी बिनसले आहे, त्याच्याकडून याहून अधिक काय काढणार आहात?

आणि पगाराचा आकडा घेऊन जे कॉमेंटमध्ये येणार आहेत, त्यांना आधीच सांगतो: तो करार खेळाडूने कोणाच्या मानेवर सुरी ठेवून घेतलेला नसतो. त्याच्याकडून कोणता खेळ हवा आहे, हे न ठरवता सही करणारे मालक आणि व्यवस्थापक प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत बसतात. थोडा जाब त्यांनाही विचारा.