मामांची सोळावी काडी

मामांनी काल दुधात कुस्करलेली भाकरी स्वतःच्या हातानं खाल्ली. मिसळ अजून जमत नाही, तिखट झोंबतं. तरी मामी ओट्यापाशी उभं राहून डोळे पुसत होत्या.

मखमलाबादच्या आमच्या मामांच्या गालात तंबाखू-सुपारीनं जखम झाली होती. तीन आठवडे उलटले तरी ती भरेना. डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणाले, तर भाऊबंद म्हणाले, "सुरी लागली की रोग पसरतो." यातच दीड महिना गेला. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही, हो! थांबल्यानं वाढतो.

तपासणीत कॅन्सरच निघाला. ऑपरेशनमध्ये गालाबरोबर मानेतल्या गाठीही काढायच्या होत्या, म्हणून पुढचा वाद मानेवरून. मानेत गाठ हाताला लागत नाही, मग मान कशाला चिरायची? सर्जननी परळच्या टाटा रुग्णालयाचा २०१५ साली छापून आलेला अभ्यास समजावला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असतानाच ज्यांच्या मानेतल्या लसिका ग्रंथीही (तोंडाचा कॅन्सर जिथं पसरू शकतो त्या छोट्या गाठी) काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. मामांच्या मानेतल्या एका गाठीत खरंच रोग निघाला. मनगटाजवळची कातडी घेऊन गाल बांधला, नंतर रेडिएशनच्या ३० बैठका झाल्या. त्याआधी किडके दात काढून घेतले, कारण रेडिएशननंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही.

इथपर्यंत पैसे, माणसं, गाडी, सगळं धावून आलं. माझं म्हणणं यापुढचं आहे. घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, झालं! डिस्चार्जच्या कागदावर व्यायामाची एकच ओळ होती. मामांचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं, खांदा वर जात नव्हता, पाण्याच्या घोटाला ठसका लागायचा. नाकातली नळी निघाली, पण गिळायला पुन्हा कुणी शिकवायचं? गिळण्याचा व्यायाम घेणारे थेरपिस्ट ऑपरेशनच्या आधीच भेटायला हवेत, तेही सर्जनइतकेच गरजेचे आहेत. योजनेची कागदपत्रं जमवतानाच हे विचारा.

आम्ही उशिरा विचारलं. मग आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून पाच वेळा. सुरुवातीला सात मावायच्या आणि मामा कळवळायचे. मिठा-सोड्याच्या गुळण्या, भिंतीवर बोटं चढवत खांद्याचा व्यायाम, सतत पाण्याची बाटली, कारण लाळच सुटत नाही.

आज सकाळी सोळावी काडी बसली.

नाशकात कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. संध्याकाळी येऊन काड्या कशा धरायच्या ते दाखवीन. मामाही येतो म्हणालेत.