किडनीतील लहान गाठ आणि काढ्याचा दावा

‘किडनीत कर्करोगाची गाठ निघाली की किडनी काढतातच आणि जन्मभर डायलिसिस मागे लागते, सुई टोचली किंवा चाकू लावला की रोग अंगभर पसरतो, त्यापेक्षा मुळांचा काढा घ्या, एका रुग्णाची गाठ सहा महिन्यांत मुळीच वाढली नाही,’ अशा आशयाचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आजार बरा होण्याची शक्यता ज्या टप्प्यात सर्वाधिक असते, त्याच टप्प्यातील रुग्णाला तो उपचारांपासून दूर नेतो, म्हणून त्यातील विधाने तपासणे आवश्यक आहे.

गाठ ७ सेंटिमीटरपर्यंतची आणि मूत्रपिंडापुरतीच मर्यादित असेल, तर तो पहिला टप्पा मानला जातो. एके काळी अशा रुग्णाचे संपूर्ण मूत्रपिंड काढणे हीच रूढ पद्धत होती, हे खरे. परंतु आज ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी, शक्य असेल तेथे, केवळ गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी भागाची पातळ कडा काढून उरलेले मूत्रपिंड राखण्यालाच पहिली पसंती दिली जाते. गाठ मुख्य रक्तवाहिन्यांना भिडलेली असल्यास पूर्ण मूत्रपिंड काढावे लागू शकते, पण दुसरे निरोगी असेल तर तेवढ्याने सहसा डायलिसिसची वेळ येत नाही. नातलगाला मूत्रपिंड दान केलेली माणसे एकाच मूत्रपिंडावर कामधंदा करत जगतातच. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांची चिंता मात्र रास्त आहे, आणि त्यांच्याबाबत शक्य तेवढा भाग वाचवण्याचा आग्रह अधिक धरला जातो.

सुईमुळे रोग पसरण्याची भीती मोठी असली, तरी बायोप्सीच्या (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याच्या) मार्गात कर्करोगाच्या पेशी रुजण्याचे प्रकार अतिशय विरळ आहेत. शिवाय सीटी स्कॅनवरून निदान पुरेसे स्पष्ट असल्यास अनेकदा बायोप्सी न करताच शस्त्रक्रिया केली जाते.

सर्वांत घातक आहे तो काढ्याचा ‘पुरावा’. लहान गाठी बहुधा वर्षाला सरासरी ३ मिलिमीटरच्या आसपास वाढतात, आणि ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी सुमारे पाचातील एक कर्करोगाची नसतेच. तेव्हा सहा महिन्यांत गाठ न वाढणे हे काढ्याचे यश ठरत नाही. काहीही न घेताही तसेच घडू शकले असते. वयोवृद्ध किंवा अशक्त रुग्णांच्या लहान गाठींवर डॉक्टरही ठरावीक अंतराने स्कॅन करून नुसते लक्ष ठेवतात, पण तेथे गाठ झपाट्याने वाढू लागली किंवा बरीच मोठी झाली की उपचारांचा निर्णय होतो. उलट काही मुळांत मूत्रपिंडाला विषारी द्रव्ये असतात. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्यासाठी दिलेल्या वनस्पतिजन्य गोळ्यांतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. डायलिसिसची भीती दाखवून अनोळखी मुळांचा काढा पाजणाऱ्या या संदेशाने तेवढे तरी जाणून घ्यायला हवे होते.

अमेरिकेतील कर्करोग नोंदींनुसार रोग मूत्रपिंडापुरता असताना निदान झालेल्यांचे पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण (म्हणजे त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण) ९० टक्क्यांहून अधिक आहे; तो दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर ते २० टक्क्यांच्याही खाली जाते. पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रियेनंतर सहसा केमोथेरपीही लागत नाही. पुढील काही वर्षे पोट आणि छातीच्या तपासण्या व मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी मात्र न चुकता करून घ्यावी लागते.