व्हिएतनामहून परतलेल्या ताईंच्या दोन स्टारना परकीय चलनाच्या दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रात्री दुकान बंद करताना वाचला. सकाळी तुमचं बिल शोधून काढलं आणि मगच लिहायला बसलो. तुमची तक्रार थोडक्यात अशी: डॉलरचा भाव गूगलपेक्षा 1 रुपया 20 पैशांनी जास्त लावला, व्हिएतनामचं चलन डाँग मागितलं तर डॉलर गळ्यात मारले, 70 हजार रोख आणले ते घेतले नाहीत, हनोईत शंभराच्या दोन नोटा कुणी हातात धरेना आणि फॉरेक्स कार्डातून (परदेशात वापरायला आधीच परकीय चलन भरलेल्या कार्डातून) दर वेळी जादा पैसे कापले गेले. वर ‘लुटारू’ ही पदवी.

जिथे आमची चूक नाही ते आधी आटपतो. गूगल दाखवतं तो बँका आपसात मोठाले व्यवहार करतात तेव्हाचा मधला भाव. त्या भावाने कागदी नोट कुणालाच मिळत नाही, मलाही नाही. नोटा आणणं, सांभाळणं, त्यांचा विमा आणि आमचं पोट, सगळं त्या 1 रुपया 20 पैशांत. तुमच्या 800 डॉलरवर ते 960 रुपये झाले. जीएसटी वेगळा, लाखाच्या व्यवहाराला तो 180 रुपये बसतो. रोखीचं म्हणाल तर 50 हजार किंवा त्यावरची रक्कम रोख घ्यायला आम्हाला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हे सांगताना आमच्या मुलाचा आवाज चढला असेल, तर त्याबद्दल माफी मागतो.

डाँग न देण्यात मात्र तुमचाच फायदा होता. इथे तो फारसा कुणी ठेवत नाही आणि ठेवणारा मनाला येईल तो भाव लावतो. तिकडे बँकेत किंवा परवाना असलेल्या सराफाकडे शंभर डॉलरच्या नोटेला चांगला भाव येतो, दहा-वीसच्या नोटांना कमी. म्हणून सगळ्या शंभराच्याच दिल्या. (डाँग हातात आल्यावरही सांभाळावं लागतं. 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळीच. माझे मेहुणे टॅक्सीवाल्याला सत्तरेक रुपयांच्या जागी सतराशे देऊन आले. आता सांगून हसतात, तेव्हा हसले नव्हते.)

आता त्या दोन नोटा. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. एकीवर, नोटेवर चित्र असलेल्या फ्रँकलिनच्या कानाजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढा जांभळा शिक्का आहे. दुसरी जुन्या छपाईची, निळी पट्टी नसलेली. पट्टीवाल्या नोटा 2013 मध्ये आल्या. अमेरिकेत दोन्ही बिनतक्रार चालतात, तिथे नोट जुनी झाली म्हणून बाद होत नाही. पण हनोई काय, बाली काय, तिकडे पेटीतला आंबा निवडावा तशी नोट उलटसुलट करून बघतात. डाग, पेनाची रेघ, फाटका कोपरा दिसला की परत. परदेशातून परतलेल्या कुणाकडून आम्ही विकत घेतलेल्या या नोटा तुमच्या बंडलात गेल्या. तुम्ही कुठे चाललात हे काउंटरवर विचारलं असतं तर त्या बाजूला काढल्या असत्या. तुमच्या बिलावर देशाचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे, म्हणजे फॉर्म भरताना ते विचारलं आणि नोटा मोजताना विसरले.

कार्डाचंही तेच झालं. डॉलर भरलेलं कार्ड डाँगमध्ये वापरलं की दर वेळी क्रॉस करन्सीचे साडेतीन टक्के कापले जातात. फॉर्मवर लिहिलंय, सही तुमची आहे, असं म्हणून मला हात झटकता आले असते. पण तो मजकूर मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. तुम्हाला ‘सगळीकडे चालतं’ एवढंच सांगितलं गेलं. चालतंच, पण कितीला पडतं ते कुणी सांगितलं नाही. पॅरिसला युरो भरून नेलंत, दुबईला दिरहॅम भरून नेलंत, तर हे कार्ड उत्तम. व्हिएतनामला डॉलरच्या कोऱ्या नोटा आणि हॉटेलसाठी मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) न लावणारं एखादं बँकेचं कार्ड बरं पडलं असतं. तसलं कार्ड मी विकत नाही, हेही कबूल करतो. आणि पुढच्या वेळी हॉटेलच्या मशीनने डॉलर की डाँग विचारलं, तर डाँग. डॉलर म्हटलं की भाव ते मशीनवाले लावतात, आणि तो बहुतेक वेळा आमच्याहून वाईट असतो.

तर असं करू. दोन्ही नोटा घेऊन या, विकल्या त्याच भावाने परत घेतो. कार्डावर 1,000 डॉलर खर्चून गेलेले 35 डॉलर कार्ड कंपनीकडून सुटणार नाहीत. त्यातले निम्मे मी सोसतो. उरलेल्या चांगल्या नोटा विकायची घाई नको, 2,000 डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात. त्यावरचे असतील तर परतल्यापासून 180 दिवसांत परत करा. बिल सापडत नसलं तरी या, आमच्याकडे प्रत आहे. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः काउंटरवर असतो.

तो ‘लुटारू’ शब्द तेवढा काढलात तर बरं वाटेल. नाही काढलात, तरी नोटांचे पैसे मिळतीलच.